आधी परत येणारी भाषा

कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. त्याच वर्षी फ्रान्समधील बोर्दो येथील वैद्यकाचे प्राध्यापक आल्बेर पित्र यांनी अनेक भाषा जाणणाऱ्या रुग्णांच्या वाचाघाताविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही आणि तो ओढूनताणून जुळवण्याचे कारणही नाही. तथापि पित्र यांनी विचारलेला प्रश्न शाहूपुरीसारख्या पेठेत जितका स्वाभाविक वाटावा, तितका तो बोर्दोत क्वचितच वाटला असेल. मेंदूला इजा होऊन ज्याची वाचा गेली आणि जो तोपर्यंत दोन-तीन भाषा सहज बोलत होता, त्याची कोणती भाषा आधी परत येते?

प्रश्न वरकरणी वैद्यकाचा आहे. पण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो शरीरशास्त्राचा नाही. अनेक भाषांत वावरणाऱ्या माणसाची ‘स्वतःची’ भाषा कोणती मानावी, आणि ते कोणी ठरवावे? मराठी समीक्षेत हा प्रश्न द्वैभाषिक लेखकाच्या निमित्ताने पुनःपुन्हा उपस्थित झाला आहे. सीमाप्रश्नाच्या निमित्ताने तो राजकारणात आला आणि शिक्षणाच्या माध्यमाच्या निमित्ताने घराघरात पोहोचला. या तिन्ही ठिकाणी एक गृहीतक समान आढळते. ते असे की माणसाच्या अंतरंगात कोठेतरी एक मूळ भाषा असते, बाकीच्या तिच्यावर चढवलेल्या असतात. वरचे थर काढून टाकले की खरी भाषा हाती लागेल. वाचाघात म्हणजे निसर्गानेच हे थर खरवडून काढण्याचा केलेला क्रूर प्रयोग. म्हणून तर त्याच्याकडे शतकभराहून अधिक काळ इतक्या उत्सुकतेने पाहिले गेले.

एक उदाहरण कल्पून पाहावे. शाहूपुरीतील एखाद्या जुन्या अडत दुकानाचा वृद्ध मालक. कुटुंब लिंगायत, दोन पिढ्यांपूर्वी संकेश्वराकडून आलेले. आईशी, आजीशी बोलणे कन्नडात. शाळा मराठी. गुऱ्हाळावरून गूळ घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांशी, तोलाईवाल्यांशी, नगरपालिकेशी, शेजाऱ्यांशी व्यवहार मराठीत. गूळ मुख्यत्वे गुजरातेत जाणार, तेव्हा तिकडच्या व्यापाऱ्यांशी कामचलाऊ गुजराती आणि हिंदी. गुळाचे सौदे पुढे मार्केट यार्डात गेले, पण दुकान आणि घर पेठेतच राहिले. पन्नास वर्षे मराठीत भांडलेला, हिशेब केलेला, अंत्ययात्रांना गेलेला हा माणूस एका सकाळी उठतो आणि त्याला शब्द सापडत नाहीत. भारतीय जनगणनेने त्याची मातृभाषा कधीच निश्चित करून टाकलेली आहे. जनगणनेच्या व्याख्येनुसार मातृभाषा म्हणजे बालपणी आईने त्या व्यक्तीशी बोललेली भाषा. आई लहानपणीच वारली असेल तर त्या घरात मुख्यत्वे बोलली जाणारी भाषा. पुढच्या रकान्यात तो आणखी दोन भाषा नोंदवू शकतो. परंतु पहिला रकाना एकच, आणि तो आईचा.

पित्र यांच्या आधी, १८८१ साली, थेओद्यूल रिबो यांनी स्मृतीच्या विकारांविषयीच्या आपल्या ग्रंथात एक तत्त्व मांडले होते. स्मृती नष्ट होताना नवे आधी जाते, जुने शेवटपर्यंत टिकते. भाषेला ते लावले तर आईची भाषा सर्वांत चिवट ठरते. जनगणनेची व्याख्या आणि रिबोचा नियम यांचे असे चांगले जुळते. पित्र यांनी रुग्ण तपासले तेव्हा त्यांना वेगळेच दिसले. आजाराच्या वेळी माणूस जी भाषा सर्वाधिक वापरत होता ती आधी परत येत होती, मग ती आईची असो वा नसो. म्हणजे रिबोप्रमाणे आपला अडत्या कन्नडात बोलू लागेल, पित्रप्रमाणे मराठीत. एक नियम उगमाच्या बाजूने आहे, दुसरा व्यवहाराच्या. पहिल्याने भाषा ही वारसा ठरते, दुसऱ्याने ती आयुष्य ठरते.

पुढे झुरिक येथील मज्जातज्ज्ञ मिंकोव्स्की यांनी १९२०च्या दशकात असा एक रुग्ण नोंदवला की जो दोन्ही नियमांत बसेना. त्याची बोली स्वित्झर्लंडमधील जर्मन. तीच जन्माची आणि तीच रोजच्या वापराची. आजारानंतर मात्र त्याला आधी फ्रेंच आली. मिंकोव्स्कींनी त्याचे कारण त्याच्या आयुष्यातील एका जुन्या प्रेमसंबंधात शोधले; त्या संबंधाची भाषा फ्रेंच होती. घरी बायको जर्मन बोलते आहे आणि नवरा फ्रेंचमध्ये उत्तर देतो आहे, असे हे दृश्य. कादंबरीकाराने रचले असते तर समीक्षकांनी त्याला कृत्रिम म्हटले असते.

मॉन्ट्रियल येथील मिशेल पारादी यांनी जुन्यानव्या नोंदी एकत्र करून १९७०च्या दशकात त्यांचे जे वर्गीकरण केले त्यातून या वादाची हवाच निघून जाते. बहुसंख्य रुग्णांत भाषा साधारण एकत्रच परततात. उरलेल्यांत एक भाषा आधी आणि दुसरी मागाहून येते, किंवा एक येतच नाही, किंवा एक येऊ लागली की दुसरी मागे सरते. आणि हे कोणत्या भाषेबाबत होईल हे सांगणारा एकही नियम सर्वत्र लागू पडत नाही. पारादींनी पुढे मांडलेला आणखी एक विचार तर मूळ भाषेच्या भक्तांना अस्वस्थ करणारा आहे. लहानपणी न शिकवता आलेल्या भाषेचे व्याकरण हे सवयीच्या, नकळत चालणाऱ्या स्मृतीत असते. शाळेत नियम पाठ करून शिकलेली भाषा जाणीवपूर्वक आठवण्याच्या स्मृतीवर अधिक विसंबून असते. इजा पहिल्या यंत्रणेला झाली तर आईची भाषा मोडून पडेल आणि शाळेतली परकी, पुस्तकी भाषा शिल्लक राहील. सर्वांत खोल जे असते तेच सर्वांत सुरक्षित असते असे नाही.

१९८२ साली पारादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलेली मोरोक्कोतील एका जोगिणीची हकीकत भाषांतराविषयी विचार करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. अपघातानंतर तिला एके दिवशी अरबी बोलता येई, फ्रेंच जवळजवळ येत नसे. दुसऱ्या दिवशी याच्या उलट. विलक्षण गोष्ट पुढेच आहे. ज्या दिवशी जी भाषा तिला आपणहून बोलता येत नसे, त्या भाषेत ती दिलेल्या वाक्याचे भाषांतर मात्र करू शके. भाषांतर म्हणजे आपल्या घरातून परक्या घरात केलेला प्रवास, ही आपली रूढ प्रतिमा. इथे बाई ज्या घरात पाऊल टाकू शकत नाही तिथे भाषांतराच्या वाटेने मात्र जाऊन पोहोचते. जाण्यासाठी आधी मालकी लागते असे तिच्या मेंदूला वाटत नसावे.

मेंदूची छायाचित्रे घेण्याची तंत्रे आल्यावर हा वाद मिटेल अशी अपेक्षा होती. तो मिटला नाही, नव्या वेषात परत आला. १९९७ साली न्यूयॉर्कमधील एका संशोधकगटाने असे दाखवले की लहानपणीच दोन भाषा शिकलेल्यांत ब्रोकाच्या क्षेत्रात दोन्ही भाषा एकाच जागी सक्रिय होतात, मोठेपणी दुसरी शिकलेल्यांत शेजारशेजारच्या वेगळ्या जागी. वय निर्णायक आहे, रिबोचा विजय. पुढच्याच वर्षी इटलीतील संशोधकांनी दाखवले की दुसरी भाषा उत्तम येत असेल तर ती केव्हा शिकली याला फारसे महत्त्व उरत नाही. वापर आणि प्रभुत्व निर्णायक आहे. पित्र यांचा विजय. पहिल्या प्रयोगात माणसे होती बारा. यंत्रे बदलली, प्रश्न विचारण्याची रीत तीच राहिली, आणि म्हणून उत्तरेही तीच दोन राहिली.

या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष नकारात्मक आहे, परंतु किमती आहे. मेंदूमध्ये मातृभाषेचा असा वेगळा कप्पा नाही. फ्रांस्वा ग्रोजाँ यांनी १९८९ साली आपल्या व्यवसायबंधूंना बजावले होते की द्वैभाषिक माणूस म्हणजे एका कातड्यात कोंबलेली दोन एकभाषिक माणसे नव्हेत. त्याच्या दोन्ही भाषा सदैव एकमेकींना ऐकत असतात. एकीत बोलताना दुसरी गप्प असते, गैरहजर नसते.

हा निष्कर्ष मराठी समीक्षेने कधी नीट मनावर घेतल्याचे दिसत नाही. त्याचा सर्वांत बोलका पुरावा अरुण कोलटकर. कोलटकरांचा जन्म १९३२ साली कोल्हापुरात झाला, शिक्षण तेथीलच राजाराम हायस्कूलमध्ये, मराठी माध्यमात. १९७६ साली इंग्रजीत ‘जेजुरी’ आले, १९७७ साली त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रह निघाला. २००४ साली, मृत्यूच्या वर्षी, दोन्ही भाषांतली पुस्तके एकामागून एक प्रसिद्ध झाली. मराठी ‘जेजुरी’ वाचकांच्या हाती आली ती २०११ साली, कवी गेल्यानंतर. आता यांतील मूळ कोणते आणि भाषांतर कोणते? हा प्रश्न कोलटकरांविषयीच्या चर्चेत इतक्या वेळा आला आहे की तो निरर्थक आहे अशी शंका घेणेही उद्धटपणाचे वाटावे. पण मोरोक्कोतील जोगिणीचा दाखला समोर ठेवला तर तो प्रश्न बराचसा निरर्थकच ठरतो. कालक्रमाने आधीची संहिता सांगता येईल; मुळाची सांगता येणार नाही.

भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेच्या भूमिकेतून भारतीयांच्या इंग्रजी लेखनावर जी टीका केली, तिच्यात इंग्रजी ‘जेजुरी’तील दृष्टी ही बाहेरून आलेल्या प्रवाशाची आहे असा आक्षेप आहे. हा आक्षेप गंभीर आहे आणि तो केवळ इंग्रजीद्वेषातून आलेला नाही. नेमाडे स्वतः आयुष्यभर इंग्रजीचे अध्यापक होते. परंतु त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. कवीचा आपल्या विषयाशी, जेजुरीला येणाऱ्या भाविकांशी, तेथील पुजाऱ्यांशी कोणता नैतिक संबंध आहे, ही एक गोष्ट. त्याच्या डोक्यात कोणती भाषा आधी आली, ही दुसरी. प्रवाशाची दृष्टी मराठीतही असू शकते, आणि मराठीतल्या पर्यटनी ग्रामीण कथांनी ते पुरेसे सिद्ध केले आहे. दोष असेल तर तो नजरेचा आहे. तो भाषेच्या माथी मारला की समीक्षकाला नजरेची तपासणी करण्याचे कष्ट वाचतात.

दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांच्याबाबतीत ही गल्लत आणखी स्पष्ट होते. धारवाडात १८९६ साली मराठी घरात जन्मलेला हा कवी कन्नड काव्याचा विसाव्या शतकातला मानदंड ठरला. ‘नाकु तंती’साठी त्याला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. दरम्यान तो बारा वर्षे सोलापुरात प्राध्यापक होता, मराठीतही लिहीत होता. कन्नड समीक्षेने त्याला कधी बाहेरचा म्हटले नाही. मराठी समीक्षेने त्याला कधी फितूरही म्हटले नाही, पण त्याचे कारण औदार्य नसून बहुधा अज्ञान असावे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की कन्नड लेखनासाठी त्याने घेतलेले नाव ‘अंबिकातनयदत्त’ असे होते. अंबिकेचा मुलगा दत्त. आईची भाषा सोडून ज्या भाषेत लिहायचे, त्या भाषेतील स्वाक्षरीतच आईचे नाव. जनगणनेच्या रकान्याला हे कळणार नाही.

इथवर युक्तिवाद एका सुखद ठिकाणी येऊन थांबू शकला असता. मेंदू अनेक भाषांना सामावून घेतो, सीमाभागातली माणसे शतकानुशतके तसेच करीत आली, तेव्हा एकभाषिक अस्मितेचा हट्ट सोडून पेठेचे बहुभाषिक सौहार्द स्वीकारावे, असे म्हणता आले असते. असे म्हणणारे पुष्कळ आहेत. परंतु शाहूपुरीपासून फारशा दूर नसलेल्या एका खेड्याने या सौहार्दाचा दुसरा चेहरा दाखवून ठेवला आहे, आणि तो डावलून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ साली प्रसिद्ध झालेला निबंध सांगली जिल्ह्यातील एका खेड्याविषयी आहे. निबंधात ते ‘कुपवार’ या नावाने येते. सुमारे तीन हजार वस्ती. जमीनदार जैन आणि लिंगायत यांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, दलित आणि भूमिहीनांच्या घरी मराठी, आणि दोरखंड वळणाऱ्या एका छोट्या समूहाच्या घरी तेलुगू. बहुतेक पुरुषांना दोन-तीन भाषा येत. परक्या समूहाशी बोलताना प्रामुख्याने मराठी वापरत. या दीर्घ सहवासात या भाषांची वाक्यरचना इतकी सारखी झाली होती की एका भाषेतील वाक्याचे दुसरीत रूपांतर करताना शब्दामागे शब्द ठेवत गेले तरी चाले. ‘हे तुझे घर’ एवढ्यावर भागणाऱ्या कन्नडाने तेथे ‘आहे’सारखे क्रियापद स्वीकारले होते. जणू एकच व्याकरण, आणि त्याला चढवलेले शब्दांचे निरनिराळे अंगरखे. भाषाविज्ञानात हा निबंध अभिजात मानला जातो, आणि बहुभाषिकतेचे गोडवे गाताना तो हमखास उद्धृत होतो.

उद्धृत करणारे एक प्रश्न मात्र सहसा विचारत नाहीत. व्याकरण इतके एकरूप झाले, तर शब्द वेगळे का राहिले? भाषाच एक का झाली नाही? गम्पर्झ-विल्सन यांनी याचे उत्तर दिले आहे आणि ते सोपे आहे. घरे वेगळी होती. शेतात, बाजारात, पंचायतीत एकत्र येणारी ही माणसे उंबरठ्याच्या आत एकत्र येत नव्हती. बोलण्यातले शब्द हे कोण कोणाचा याची खूण होते. ज्याला आपण मातृभाषेची जपणूक म्हणतो, तिचे रक्षण तेथे बेटीबंदीने आणि रोटीबंदीने केलेले होते. त्या घरांतल्या बायकांच्या वाट्याला पेठेची बहुभाषिकता किती येत असेल, याचाही विचार करून पाहावा. ‘आईची भाषा’ इतकी शुद्ध का राहिली, याच्या उत्तराचा एक भाग असा की आईला उंबरठ्याबाहेर फारसे जाऊ दिले जात नव्हते.

हा निष्कर्ष कडू आहे, कारण तो दोन्ही पक्षांना गैरसोयीचा आहे. देशीवादी ज्या रुजलेपणाला मूल्य मानतो ते रुजलेपण जातीच्या कुंपणात रुजले होते. आणि बहुभाषिकतेचा उदारमतवादी पुरस्कर्ता ज्या सहअस्तित्वाचे कौतुक करतो ते सहअस्तित्व दुरावा राखण्याची एक सभ्य रीत होती. सीमाप्रश्नात महाराष्ट्राने खेडे हा घटक आणि भाषिक बहुसंख्या हे तत्त्व मांडले. व्यवहारात त्याहून अधिक न्याय्य तत्त्व शोधणे अवघड आहे. तरी अशा खेड्यात मोजणी करणारा जेव्हा प्रत्येक डोक्यामागे एक भाषा लिहितो, तेव्हा तो नकळत जातींचीच मोजणी करीत असतो.

मग घराची भाषा राखावी की नाही? राखू नये असे वरील विवेचनातून निघत नाही. निघते ते एवढेच की ती राखण्याची कारणे तिच्या वयात किंवा तिच्या खोलीत शोधता येणार नाहीत. अलीकडे एक नवे कारण पुढे आले आहे, आणि ते शास्त्राच्या नावाने आल्यामुळे अधिक वजनदार वाटते. दोन भाषा मेंदूला हितकारक असतात. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. द्वैभाषिकांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेली आढळली, आणि अक्षरओळख नसलेल्यांतही हा फरक होता. तिसरी-चौथी भाषा येत असल्याने आणखी लाभ झालेला दिसला नाही. २०१६ साली त्याच शहरातील पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांच्या अभ्यासात द्वैभाषिकांची बौद्धिक क्षमता टिकून राहण्याचे प्रमाण एकभाषिकांच्या दुप्पट, म्हणजे ४०.५ टक्के विरुद्ध १९.६ टक्के, आढळले. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र फरक नव्हता. हे काम मोलाचे आहे. पाश्चात्त्य विद्यापीठांतील विद्यार्थ्यांवरून मनुष्यजातीविषयी बोलण्याची जी सवय मानसशास्त्राला लागली आहे, तिला त्याने छेद दिला. परंतु या क्षेत्रातील एकंदर दाव्यांविषयी मतभेद आहेत. लाभ दाखवणारे शोधनिबंध सहज छापले जातात आणि न दाखवणारे मागे राहतात, हे २०१५ साली संशोधकांनीच दाखवून दिले आहे.

या संशोधनाचा इतिहास पाहिला तर एक विनोदी गोष्ट ध्यानात येते. १९२३ साली वेल्समधील ग्रामीण मुलांच्या चाचण्यांवरून द्वैभाषिक मूल मंदबुद्धी ठरले होते. १९६२ साली मॉन्ट्रियलमध्ये पील आणि लॅम्बर्ट यांनी तसेच मूल अधिक चतुर ठरवले. वेल्श ही तेव्हा मागासांची भाषा होती. कॅनडात फ्रेंचला प्रतिष्ठा मिळू लागली होती. चाचण्यांच्या पद्धती सुधारल्या हे खरेच, पण मुलाची बुद्धी त्याच्या भाषेच्या बाजारभावाबरोबर वरखाली होत गेली, असेही म्हणता येईल. गुळाच्या पेठेला हे समजायला अवघड जाऊ नये.

तेव्हा कोणी असे म्हणू लागला की नातवाला कन्नड शिकवा कारण त्यामुळे त्याला म्हातारपणी विस्मरण उशिरा होईल, तर त्यात अडचण काय? अडचण अशी की हाच लाभ मराठी आणि इंग्रजीच्या जोडीनेही मिळेल. लाभाच्या युक्तिवादाला कोणतीही दुसरी भाषा चालते. कन्नडच हवी असे त्यात काही नाही. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने दोन ते आठ या वयात मुले भाषा फार लवकर शिकतात आणि बहुभाषिकतेचा बुद्धीला लाभ होतो असे म्हटले. महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचे शासननिर्णय निघाले आणि २९ जून २०२५ रोजी ते मागे घेतले गेले. त्या वादात मुलाच्या मेंदूचा आधार दोन्ही बाजूंनी घेतला, हे स्वाभाविकच होते. ज्याच्याकडे स्वतःचे मत नाही असा साक्षीदार दोन्ही पक्षांना हवा असतो. मेंदू शिकू शकतो, एवढेच मेंदू सांगतो. काय शिकवावे आणि कोणासाठी, हे सांगण्याचे काम त्याच्यावर टाकणे म्हणजे आपली जबाबदारी टाळणे होय.

‘कोणासाठी’ या शब्दापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. भाषेविषयीच्या आपल्या चर्चेत बोलणाऱ्याचा हक्क मध्यवर्ती असतो. मला माझ्या भाषेत बोलू द्या, लिहू द्या, शिकू द्या. हा हक्क खरा आहे. परंतु भाषा एकट्याला बाळगता येत नाही. अडत्याची कन्नड ही अडत्याच्या मेंदूत जितकी होती तितकीच त्याच्या आईच्या कानात होती. ती गेली तेव्हा त्या भाषेचा एक भाग गेला, आणि त्यात मेंदूला कोणतीही इजा झालेली नव्हती. मातृभाषा हा शब्द आपण उगमदर्शक समजतो. तो संबंधदर्शक आहे असे मानले तर चित्र बदलते. आईची भाषा ती, जिच्यात कोणीतरी आपल्याला ऐकून घेतले. असे ऐकून घेणारे आयुष्यात पुढेही भेटतात, इतर भाषांत भेटतात. मिंकोव्स्कींच्या रुग्णाला फ्रेंचमध्ये भेटले होते. आणि असे ऐकून घेणारे नाहीसे झाले की जनगणनेतला रकाना तसाच राहतो, भाषा मात्र राहत नाही. राखण्याचे कर्तव्य म्हणून जे काही आहे ते भाषेविषयी नसून तिच्यात बोलणाऱ्या, बोलू पाहणाऱ्या माणसाविषयी आहे. उंबरठ्याआडच्या भाषेला कुंपणाशिवाय जगवायचे असेल तर ती बाहेरच्याने शिकायला हवी. कुपवारात ते घडत होते, पण ते पेठेपुरते. घरापर्यंत पोहोचले नाही.

आता पुन्हा शाहूपुरीतल्या त्या वृद्धाकडे. वाचोपचार सुरू करायचे आहेत. उपचारकाचा वेळ थोडा आहे, आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी तासभर. एका भाषेतील उपचाराचा दुसरीला किती उपयोग होतो याविषयी संशोधकांत एकमत नाही; काही रुग्णांत होतो, काहींत होत नाही. तेव्हा एक भाषा निवडावी लागेल. उपचार करणारी तरुणी मराठीत शिकलेली आहे, तिला कन्नड येत नाही. मुलगा म्हणतो, मराठीच बरी, दुकानात उपयोगी पडेल. दुकान आता मुलगाच पाहतो, म्हणजे हा उपयोग वडिलांना नाही. सून इचलकरंजीची, घरात मराठी बोलते. नातू इंग्रजी माध्यमात आहे. आजोबांशी तो मराठीत बोलतो, मित्रांशी तीन भाषांच्या मिश्रणात. रुग्णाला विचारावे तर विचारायचे कोणत्या भाषेत, आणि त्याने उत्तर द्यायचे कशात, हाच तर आजार. व्यवहारदृष्ट्या मराठीची निवड योग्य आहे आणि कोणताही समंजस माणूस तीच करील.

पण समजा रिबो खरा निघाला. तीन महिन्यांनी एका दुपारी वृद्ध खाटेवर उठून बसतो आणि एक शब्द स्पष्ट उच्चारतो. शब्द कन्नड आहे, पाण्यासाठी असेल, आईसाठी असेल. खोलीत सून आहे, नातू आहे. ती दोघे एकमेकांकडे पाहतात, आणि नातू मराठीत विचारतो, ‘काय म्हणालात, आजोबा?’